तारांखालची झोप

आमच्या हिर्डोशीला लाईट आहे की गेली, हे कळायला बटण दाबावे लागत नाही. माणसे घरात असली तर आहे, ओट्यावर येऊन बसली तर गेली, असे खुशाल समजावे. वरंधा घाटाच्या अलीकडचा हा मुलूख. पावसाळ्यात सह्याद्रीच्या या अंगाला जो पाऊस कोसळतो, त्यापुढे खांबांचा आणि तारांचा काय पाड! कुठे एक फांदी मोडते, कुठे खांब कलतो आणि नीरेच्या खोऱ्यातली चार-सहा गावे एकदम काळोखात जातात. मग वायरमनची वाट पाहायची. वायरमन हा आमच्याकडे पोस्टमनच्या थोडा वर आणि ग्रामदेवतेच्या थोडा खाली, असा गृहस्थ आहे. तो खांबावर चढला की खाली सारे गाव मान वर करून उभे राहते.

तेव्हा विजेशी आमचा जो काही परिचय, तो मुका. ती मुकाट्याने येते, मुकाट्याने जाते. आभाळातली वीज कडाडते, पण तारेतली वीजही बोलते, आणि रात्ररात्र बोलते, हे मला कळले अक्काच्या घरी.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिला पनवेलच्या बाजूला एका गावात दिली, तेव्हा तिच्या घरामागे डोंगरापर्यंत भाताची खाचरे होती. दाजी मला खांद्यावर घेऊन बांधाबांधाने खेकडे दाखवायला नेत. आता खाचरे थोडी उरली आहेत आणि त्यांच्यातून लोखंडी मनोरे एका रांगेत चालत गेले आहेत. ही चारशे किलोव्होल्टची वाहिनी. दाजींच्या मागल्या खाचरात त्यांतल्या एका मनोऱ्याचे चार पाय रोवलेले आहेत. मागल्या दारापासून सर्वांत जवळच्या तारेच्या खालपर्यंत मी पावले मोजली, साठ भरली.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीला मी तिथे मुक्कामाला होतो. दिवसभर भुरभुर पाऊस. रात्री आरत्या झाल्या, जेवणे झाली, अंथरुणे पडली, दिवे मालवले. जरा डोळा लागतो आहे तोच मला वाटले, स्वयंपाकघरात कढई चुलीवर राहिली आहे. तापल्या तेलात ओली मिरची पडावी तशी चरचर चालली होती.

“अक्का, गॅसवर काही राहिलंय का गं?”

“काही नाही रे. तारा आहेत त्या. झोप तू.”

झोप तू! सांगणे सोपे. चरचरीच्या खाली दुसरा एक आवाज होता, तंबोऱ्याच्या खर्जासारखा सलग, न थांबणारा. चरचर पावसाच्या सरीबरोबर वाढे, उतरे. तंबोरा मात्र तसाच. भजन सुरू होईल, होईल म्हणून वाट पाहावी आणि बुवांनी रात्रभर नुसता तंबोराच लावत बसावे, तशी माझी गत झाली. घरात शांत झोपले होते ते एकटे दाजी. त्यांना गेली सहा-सात वर्षे कमी ऐकू येते.

सकाळी चहाच्या वेळी खरी गोष्ट बाहेर आली. अक्काच्या सुनेला तेव्हा पाच महिन्यांची मुलगी होती. सूनबाई शिकलेली आहे, मितभाषी आहे, आणि मितभाषी माणूस बोलू लागले की घर गप्प होते. तिने कुठेसे वाचले होते की अशा तारांजवळ राहणाऱ्या मुलांना रक्ताचा कर्करोग होतो. तिचे म्हणणे, पनवेलमध्ये भाड्याने दोन खोल्या घ्याव्यात आणि मूल मोठे होईपर्यंत तरी तिकडे राहावे. भाचा एकदा आईकडे पाही, एकदा बायकोकडे. अक्का म्हणाली, “तारा आल्या त्याला वीस वर्षं झाली. आम्हाला काय झालं?”

“तुम्हाला झोप लागते का आई?” सूनबाईने विचारले.

अक्काने उत्तर दिले नाही. बशीत चहा ओतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “हा मास्तर बसलाय ना, त्याला विचारा.”

“हो मामा,” सूनबाई म्हणाली, “तुम्ही पुस्तकं लिहिता. तुम्हीच सांगा, पोरीला या घरात ठेवायची की नाही?”

माझ्या कादंबऱ्यांत आजवर मी बरीच माणसे मारली आणि वेळेवर पाऊस पाडून काहींना जगवलेही. तिथे कोणी जाब विचारत नाही. इथे पाळण्यात खरे मूल होते आणि पाय नाचवीत माझ्याकडे बघत होते. विज्ञानाचे पुस्तक मी दहावीनंतर हाती धरलेले नाही. तरी “वाचून सांगतो” असे म्हणून निघालो, आणि ते वर्ष माझे या वाचनातच गेले.

दिवाळीच्या अंकात कर्करोगाचे नाव काढणे बरे नव्हे, हे मी जाणतो. फराळाचे ताट पुढे असताना असले विषय आमच्या आजीने मुळीच काढू दिले नसते. पण सण दिव्यांचा आहे आणि दिव्यांची वीज कोणाच्या तरी परसातून जाते. त्या परसात जरा डोकवायला वाचकांची हरकत नसावी.

आधी आवाजाचे सांगतो, कारण ते सोपे आहे आणि मला त्यात गंमतही वाटली. हवा एरवी विजेला वाट देत नाही. म्हणून तर तारा उघड्या टांगता येतात. पण एका सेंटिमीटरच्या अंतरात तीस हजार व्होल्टच्या आसपास ताण पडला की हवेचाही निग्रह सुटतो आणि तारेभोवती बारीक बारीक ठिणग्या फुटू लागतात. तार कोरडी, गुळगुळीत असेल तर असे फारसे होत नाही. पावसाचे थेंब तारेच्या पोटाला लोंबले, की प्रत्येक थेंबाचे टोक म्हणजे एक टाचणी होते आणि त्या टोकाशी ताण एकवटतो. ती चरचर म्हणजे ही हजारो थेंबांची तक्रार. धुके पडले, दव पडले, तरी तेच. आणि तंबोरा? आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. प्रत्येक खेपेला ताण दोनदा टोकाला जातो. म्हणून ठिणग्या सेकंदाला शंभर वेळा उसळतात आणि शंभर कंपनांचा तो खर्ज निघतो. या प्रकाराला इंजिनिअर लोक ‘कोरोना’ म्हणतात. हे नाव फार जुने आहे, पण २०२० सालानंतर ते कोणाच्या घरात उच्चारायची सोय राहिली नाही. मी अक्काला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “हे काय आणखी नवीन!”

मोठ्या वाहिन्यांवर एकेका जागी दोन-दोन, चार-चार तारा थोड्या अंतराने शेजारी शेजारी बांधलेल्या दिसतात. त्यामागे हेही एक कारण असते. तारा विभागल्या की ताण विभागतो आणि चरचर कमी होते. म्हणजे हा आवाज तारा ओढणाऱ्यांना ठाऊक नाही असे नाही. तो त्यांच्या हिशेबात असतो. ज्याच्या अंथरुणापर्यंत तो पोहोचतो, त्याला मात्र हा हिशेब कोणी वाचून दाखवत नाही, आणि सूनबाईचे निम्मे भय तिथून आले आहे असे मला वाटते. आवाज करणारी वस्तू माणसाला जिवंत वाटते, आणि जिवंत वस्तू आपले काहीतरी करील असे वाटणे साहजिक आहे.

या तारांचा आणि आमच्या मावळ-कोकणाचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. १९१५ साली टाटांनी खोपोलीला पाण्यावर वीज केली आणि ती घाटाखालून मनोऱ्यांवरून मुंबईच्या कापडगिरण्यांना नेली. पुढे मुळशीला धरण बांधायचे ठरले. मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी जमीन बुडायची ती बुडालीच. आणि १९२७ साली त्या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. १९६२ साली कोयनेची वीज आली. पाणी इकडचे, उजेड तिकडे आणि मधल्या वाटेवरच्या खेड्यांत रॉकेलची चिमणी, असा क्रम पुष्कळ वर्षे चालला. आमच्या खोऱ्यात नीरा-देवघरचे पाणी चढले, त्यात जमिनी गेल्या आणि ते पाणी खाली फलटण-माळशिरसकडे जायचे. तेव्हा या क्रमाचे मला नवल नाही. रागही मी फारसा मानत नाही. मुंबईला दिवे लागले म्हणून आमच्या माणसांना तिथे काम मिळाले, हे विसरून कसे चालेल?

पण तारेची गोष्ट धरणापेक्षा चमत्कारिक आहे. धरणात जमीन गेली की ती गेली. सातबारावरून नाव उतरते. तारेखालची जमीन जात नाही. १८८५ सालच्या तार कायद्यात तारायंत्राचे खांब कोणाच्याही जमिनीत रोवण्याचा जो अधिकार होता, तोच २००३ च्या वीज कायद्याच्या १६४ व्या कलमाने विजेच्या वाहिन्यांनाही देता येऊ लागला. जमीन मालकाचीच, फक्त तिच्यात मनोरा. चारशे किलोव्होल्टच्या तारांखाली सुमारे पन्नास मीटर रुंदीचा पट्टा सोडावा लागतो. त्यात घर बांधायचे नाही, उंच झाड लावायचे नाही. दाजींना मनोऱ्याच्या वेळी उभ्या पिकाची आणि तीन आंब्यांची भरपाई मिळाली. जमिनीचे काही नाही, कारण जमीन घेतलीच नव्हती! पुढे २०१५ साली केंद्र सरकारने राज्यांना सुचवले की मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला १५ टक्क्यांपर्यंत भरपाई द्यावी. २०२४ साली हे आकडे २०० आणि ३० टक्के केले. हे सारे दाजींचा मनोरा उभा राहून गेल्यावर. आणि पट्ट्याच्या बाहेर जे राहतात, त्यांचे काय? अक्काचे घर पट्ट्याच्या बाहेर आहे. कायद्याच्या नजरेने तिचा आणि त्या तारांचा काही संबंध नाही. आवाजाला हे कोणी सांगितलेले दिसत नाही.

आता सूनबाईच्या प्रश्नाकडे येतो. मी तो टाळत नव्हतो, पण त्याची वाट थोडी अवघड आहे.

अमेरिकेत डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्थायमर नावाच्या बाई होत्या. कर्करोगाने गेलेल्या मुलांच्या घरांच्या पत्त्यांवर त्या स्वतः जात आणि घराभोवती काय आहे ते पाहत. पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आले की यांतल्या पुष्कळ घरांजवळ विजेच्या मोठ्या तारा आहेत. एड लीपर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी हे १९७९ साली प्रसिद्ध केले आणि जगभर खळबळ उडाली. तेव्हापासून हा शोध चालू आहे. तारेभोवती दोन गोष्टी असतात. एक विजेचा ताण, तो भिंतीला अडतो. दुसरे चुंबकीय क्षेत्र, ते भिंतीला जुमानत नाही. संशय आहे तो या दुसऱ्यावर. ते मोजायच्या एककाला मायक्रोटेस्ला म्हणतात. २००० साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ज्या थोड्या घरांत हे माप सतत ०.४ च्या वर होते, तिथल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले. दुप्पट हा शब्द वाचून माझ्या पोटात गोळा आला. पण मूळचे प्रमाणच फार थोडे असते, आणि असली घरेही शंभरात एखादे. शिवाय दिसणे वेगळे आणि कारण असणे वेगळे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ साली या क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा वर्गात घातले. हा वर्ग मोठा गमतीचा आहे. त्यात पुढे कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही जाऊन बसला. अक्काच्या दारात कोरफडीची कुंडी आहे. तिच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही, कारण ती चरचरत नाही. याचा अर्थ तारा निर्धोक असा मी काढत नाही. ‘कदाचित’ या शब्दाचे वजन किती, एवढाच त्यावरून अंदाज येतो.

मला सर्वांत पटला तो इंग्लंडमधला अभ्यास, कारण त्यात पुढे काय झाले तेही कळते. २००५ साली तिथल्या संशोधकांनी कर्करोग झालेल्या २९ हजारांहून अधिक मुलांची जन्माच्या वेळची घरे तपासली. मोठ्या वाहिनीपासून दोनशे मीटरांच्या आत जन्मलेल्या मुलांत रक्ताचा कर्करोग सुमारे ७० टक्के अधिक दिसला. पण गंमत अशी, की दोनशे ते सहाशे मीटरांच्या मध्येही तो थोडा अधिक दिसला, आणि तिथे तर तारांचे चुंबकीय क्षेत्र नावालाही उरत नाही. मग कारण कोणते? संशोधकांनी स्वतःच लिहिले की हा संबंध योगायोगाचा किंवा दुसऱ्या कशाचा असू शकेल, आणि खरा धरला तरी त्या देशातल्या अशा शंभर मुलांत एखाद्याच्या आजाराचे कारण तारा असतील. २०१४ साली पुढच्या वर्षांची माहिती घालून पुन्हा पाहिले. साठ-सत्तरच्या दशकांत जन्मलेल्यांत जे अधिक प्रमाण होते, ते दशकामागून दशक उतरत गेले आणि १९८० नंतर जन्मलेल्यांत उरलेच नाही. तारा तर त्याच. त्यांतली वीज कमी झाली नव्हती. म्हणजे बदलले ते दुसरेच काहीतरी. बहुधा तारांजवळ राहणारी माणसे, त्यांची परिस्थिती.

हे मी सूनबाईला सांगितले, तेव्हा तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे काहीच होत नाही, असं म्हणतात का ते?”

“तसं नाही म्हणत. सिद्ध झालेलं नाही, असलंच तर फार थोडं आहे, असं म्हणतात.”

“मग मामा, ते ‘थोडं’ माझ्या घरात नसेल, हे कोण सांगणार?”

मी शाळेत भागाकार शिकवतो. बाकी उरते तेव्हा मुले ती पाटीच्या कोपऱ्यात लिहून मोकळी होतात. आईला तसे करता येत नाही, आणि तिने तसे करावे असे सांगणाऱ्या विद्वानांत सामील व्हायची माझी इच्छा नव्हती.

त्याच आरोग्य संघटनेने २००७ साली या विषयावर मोठा ग्रंथ काढला. त्यात नवी वाहिनी टाकताना थोड्या खर्चात जमेल तेवढी काळजी घ्या असे तर म्हटले आहेच. पण सरकारांनी आणि उद्योगांनी लोकांशी उघडपणे बोलावे, असेही म्हटले आहे. माझे बोट त्या ओळीवर बराच वेळ थांबले. वीस वर्षांत अक्काच्या दारी मोजणीदार आले, मुकादम आले, झाडे तोडणारे आले. बोलायला कोणी आले नाही. ते काम माझ्यासारख्या कादंबरीकारावर येऊन पडले, यावरून काय ते समजावे.

आणि या साऱ्या वाचनात ज्याची नोंद मला सर्वांत कमी सापडली, ती अक्काची झोप. सूनबाईने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. पुढच्या खेपेला मी अक्काला एकटीला गाठून विचारले. ती म्हणाली, “पावसाळ्याचे चार महिने नाही लागत रे. उन्हाळ्यात लागते. आताशा दुपारी डोकं धरतं, डॉक्टर बीपीची गोळी देतो. पण त्याला काय, वयच झालं.” वीस पावसाळे! कर्करोगाची भीती एवढी मोठी, की तिच्यापुढे नुसत्या झोपेचे नाव काढायला अक्काला लाज वाटत होती. जाग्रणाने रक्तदाब चढतो, माणूस चिडचिडे होते, काम चुकते, हे सांगायला कोणत्याही परदेशी अभ्यासाची गरज नाही. नव्या आईला विचारावे. आपल्याकडे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले आणि राहत्या वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातली. गणपतीच्या मंडपात या नियमावर दरवर्षी वाद होतो. तारांच्या बाबतीत तो कोणाला आठवत नाही. भाच्याने पावसात मागल्या दारी फोनवर आवाज मोजून पाहिला. आकडा पन्नाशीच्या आसपास नाचत होता. फोनच्या मापावर विसंबू नये म्हणून त्याने नीट मोजणी करून देण्याबद्दल एका कार्यालयात अर्ज दिला. अर्जाची पोच मिळाली आहे.

या भाच्याची आणखी एक हकीकत सांगितली पाहिजे. २००४ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड बॉक्स नावाच्या कलावंताने ब्रिस्टलजवळ तारांखालच्या एका शेतात १,३०१ ट्यूबलाईट नुसत्या मातीत रोवून उभ्या केल्या. कुठेही वायर नाही. अंधार पडल्यावर सारे शेत उजळले. तारांच्या ताणानेच त्या पेटत होत्या. हे मी भाच्याला वाचून दाखवले. त्याच रात्री तो माळ्यावरची जुनी ट्यूब घेऊन खाचरात गेला. ती त्याच्या हातात खरोखरच फिकट, निळसर लागली. पोरे ओरडली. ओट्यावरून अक्का ओरडली ती निराळ्या कारणाने. मीही त्याला रागावलो, कारण तारांखाली उंच वस्तू घेऊन नाचणे हा खेळ नव्हे.

कारण माझ्या वाचनातून एक गोष्ट अगदी स्पष्ट निघाली. चरचरणाऱ्या तारेपेक्षा मुकी तार माणसे अधिक मारते. २०२१ या एका वर्षात आपल्या देशात विजेचा धक्का लागून बारा हजारांवर माणसे गेली. तारेत अडकलेला पतंग लोखंडी सळईने काढायला गेलेला मुलगा, भिजल्या खाचरात पडलेल्या तारेवर पाय देणारा शेतकरी, पत्र्याच्या घरातली सैल वायर: हे मरण आमच्या हिर्डोशीच्या बाजूचे आहे. तिथे आवाज नाही म्हणून भीतीही नाही. वायरमनची वाट न पाहता काठीने तार सरकवणारे महाभाग मी पाहिले आहेत. अक्काच्या घरी मी पहिले काम केले ते हे, की मागल्या अंगणातली कपडे वाळवायची लांब लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधली. ओल्या दिवसांत त्या तारेला हात लावला की मुंगी चावल्यासारखे होई. छत्रीच्या काडीलाही तसेच. गोठ्याच्या पत्र्याला जमिनीत तार गाडून घेतली. सूनबाई म्हणाली, “हे वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर?” मी तिला म्हटले, अर्जात हेही लिही.

पाळण्याची जागा आता बदलली आहे. मागली खोली सोडून पुढल्या पडवीशेजारच्या खोलीत तो टांगला. तिथून तारा आणखी बारा-पंधरा पावले दूर पडतात आणि हे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने उतरते, म्हणून थोडे का होईना, पदरात पडते. आवाजही मधल्या दोन भिंतींनी दबतो. अक्काने तिथे निजावे म्हणून मी पुष्कळ सांगितले. ती म्हणते, देवघर मागे आहे, दाजींना रात्री उठावे लागते, माझे मागेच बरे.

पनवेलच्या खोल्यांचे अजून ठरलेले नाही. भाच्याने दोन जागा पाहून ठेवल्या. एकीचे भाडे परवडत नाही आणि दुसरीच्या खिडकीसमोर हमरस्ता आहे, तिथे रात्रभर ट्रक जातात. अक्काने यावर एक शब्द काढला नाही, फक्त हसली. आम्ही तिला आग्रह केला की तुम्हीही दोघे चला, तर दाजींना ते बरोबर ऐकू आले आणि ते म्हणाले, “खाचर कोण बघणार?”

मुलगी आता धरून उभी राहते. चरचर सुरू झाली की बोट मागल्या दाराकडे करते आणि आपल्या भाषेत काहीतरी सांगते. माघात तिचे जावळ आहे. त्यानंतर बघू, असे सूनबाई म्हणाली आहे.